चिऱ्यातला चेहरा

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडे गिलावा न केलेल्या जांभ्याच्या भिंतीसमोर जरा वेळ उभं राहा, चेहरे दिसायला लागतात. रागावलेला म्हातारा, आ वासलेलं माकड, एखादी गणपतीची सोंड. यात दगडाचा वाटा मोठा आहे. उष्ण, पावसाळी हवेत खडक दीर्घकाळ कुजत राहिला की सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. तो जांभा. त्यात मऊ मातीचे कप्पे असतात. चिरा उघड्यावर आला की पाऊस ती माती धुऊन नेतो आणि भोकं राहतात. तांबड्या दगडावर काळी भोकं झाली, की बाकीचं काम मेंदू करतो.

त्याला किती कमी पुरतं, हे कोळशाने तपासता येईल. भिंतीवर ५ सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके एका रेषेत द्या आणि तिसरा त्यांच्या मधोमध, साधारण तेवढाच खाली. झाला चेहरा. आता एक ठिपका वर आणि दोन खाली द्या. चेहरा जातो, नुसते ठिपके उरतात. नवजात बाळंही पहिल्या मांडणीकडे जास्त वेळ बघतात. मोबाइलचा कॅमेरा कधीकधी चेहरा समजून भिंतीवरच चौकोन काढतो, त्याचं कारणही याच जातीचं आहे: चेहरा शोधायची २००१ सालची गाजलेली पद्धत डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद आहे का, असलेच फरक मोजायची.

मेंदूच्या खालच्या बाजूला, कानशिलाच्या आत, चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा एक भाग आहे. खरा चेहरा दिसल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांत तिथे हालचाल दिसते. २००९च्या एका अभ्यासात चेहऱ्यासारख्या वस्तूंनाही जवळपास तेवढ्याच वेळात प्रतिसाद मिळाला. म्हणजे आधी दगड बघून मग कल्पना लढवली, असं होत नाही. चेहरा आधीच येऊन बसतो. ऱ्हीसस माकडांचंही तेच, हे २०१७मध्ये दिसून आलं.

चेहरा दगडात किती आणि आपल्यात किती, हे ठरवायला प्रकाश बदलावा. सकाळी ऊन भिंतीला घासून जात असताना भोकांत सावल्या भरतात, तेव्हा दोन-तीन मीटरवरून फोटो काढा. मग त्याच जागेवरून फ्लॅश टाकून दुसरा. समोरून उजेड पडला की सावल्या विरतात आणि बहुतेक चेहरे पुसले जातात. पहिला फोटो उलटा धरूनही बघा, चेहरा टिकतो का. मोबाइल आपोआप चित्र सरळ करतो, म्हणून आधी स्क्रीनचं फिरणं बंद करा, नाहीतर प्रयोग फसतो. व्हॉट्सॲपवरचा ‘चमत्कारी दगड’ बहुधा एकाच कोनातून का दाखवतात, ते इथे कळतं.

मंगळावरच्या चेहऱ्याची गत हीच झाली. २५ जुलै १९७६ला व्हायकिंग-१ यानाने सुमारे ३ किलोमीटर लांबीचा एक डोंगर टिपला. सूर्य खाली होता, एका बाजूला गडद सावली, आणि डोंगर चेहऱ्यासारखा दिसला. व्हायकिंगच्या उत्तम फोटोतही एक ठिपका (पिक्सेल) म्हणजे ४३ मीटर जमीन. २००१मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेअर यानाने तोच डोंगर दीड मीटरच्या बारकाईने टिपला, तेव्हा झिजलेला सपाट माथा तेवढा दिसला.

सांगण्याचाही परिणाम होतो. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नुसत्या करड्या ठिपक्यांची चित्रं दाखवताना ‘निम्म्यांत चेहरे आहेत’ असं सांगितलं होतं. एकातही चेहरा नव्हता, तरी ३४ टक्के वेळा तो दिसला. अक्षरंही अशीच दिसली. पण अक्षर शिकावं लागतं. म्हणून बेळगावात दोन्ही लिप्या वाचणाऱ्याला भिंतीच्या तड्यात देवनागरी ‘ॐ’ही सापडू शकतो आणि कन्नडही. दुसऱ्याचं खरं मत हवं असेल तर फोटोवर गोल काढू नका, ‘काय दिसतंय?’ एवढंच विचारा.

निरोगी माणसाला चेहरा दिसतो आणि तो दगडच आहे हेही कळतं. घरातल्या वयस्क माणसाला मात्र घोंगडीच्या घड्यांत, ओल आलेल्या भिंतीत वारंवार माणसं दिसत असतील आणि ती खरीच वाटत असतील, तर ‘वयाचं आहे’ म्हणून सोडू नये. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात असे भास बरेच आढळतात, आणि ते तपासायला डॉक्टर अशाच फसव्या चित्रांची चाचणी वापरतात. मज्जाविकारतज्ज्ञाकडे जाताना काय दिसलं, किती वाजता आणि उजेड कसा होता, हे लिहून न्यावं.