क्लीनर आणि अँटीव्हायरस: कोण काय काढतं, आणि काढलेलं परत मिळतं का

"कॉम्प्युटर स्लो झालाय, व्हायरस असेल, एखादा क्लीनर टाकून द्या ना." ठाण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना, नौपाड्यातल्या सीए ऑफिसपासून वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपपर्यंत, हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत कानावर येतं. त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. स्लो होणं ही तक्रार झाली, व्हायरस हा तुमचा अंदाज, आणि क्लीनरचा त्या दोन्हींशी बहुतेक वेळा संबंधच नसतो.

क्लीनर जागा मोकळी करतो. ब्राउझरने साठवलेली कॅशे, इन्स्टॉलेशननंतर मागे राहिलेल्या टेम्पररी फाइल्स, अपडेटचे जुने तुकडे, रिसायकल बिनमधला माल. यातलं काहीही सहसा धोकादायक नसतं, नुसतं पडून असतं. अँटीव्हायरसला तुमच्या जागेशी काही देणंघेणं नाही. सी ड्राइव्ह तुडुंब भरलेला असला तरी तो चकार शब्द काढणार नाही, पण पेन ड्राइव्हवरून आलेली चाळीस केबीची फाइल काय करू पाहतेय यावर त्याचं लक्ष असतं. क्लीनर बघतो फाइल कुठे पडली आहे, अँटीव्हायरस बघतो ती कशी वागते. म्हणून क्लीनर सांगाल तेव्हा चालून थांबला तरी पुरतं. अँटीव्हायरस मात्र कॉम्प्युटर चालू असेपर्यंत मागे चालूच असायला हवा.

एवढा फरक बऱ्याच जणांना माहीत असतो. ज्याकडे कोणी बघत नाही तो फरक वेगळा आहे: चूक झाली तर काढलेलं परत मिळतं का?

अँटीव्हायरसला एखादी फाइल संशयास्पद वाटली तर तो सहसा ती लगेच पुसत नाही, क्वारंटाइनमध्ये टाकतो. तिथे ती चालू शकत नाही, पण असते, आणि 'रिस्टोर' म्हटलं की परत येते. ही सोय उगाच दिलेली नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली, आणि जगभर ऑफिसांमधली मशीन आपोआप पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. अँटीव्हायरस चुकतो, हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते.

आपल्याकडे याचा अनुभव जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी येतो. पोर्टलवर डिजिटल सही करायला एमसाइनर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो. अँटीव्हायरसने किंवा फायरवॉलने तो अडवला की सही होत नाही, पोर्टल एरर देत राहतं, आणि वैतागलेला अकाउंटंट शेवटी अँटीव्हायरसच अनइन्स्टॉल करून मोकळा होतो. त्याची काही गरज नसते. अँटीव्हायरसची हिस्टरी उघडा, नेमकं काय अडवलंय ते वाचा, ती फाइल आपण सरकारी पोर्टलवरूनच उतरवली होती ना याची खात्री करा आणि तेवढ्या एकाच प्रोग्रॅमला परवानगी द्या. एका फाइलसाठी अख्खा सी ड्राइव्ह 'एक्सक्लूजन'मध्ये, म्हणजे तपासायचं नाही अशा यादीत, टाकून ठेवणारे महाभागही आहेत. त्यांनी अँटीव्हायरस ठेवला काय आणि काढला काय, सारखंच.

क्लीनरकडे असा परतीचा रस्ता नसतो. तो जे काढतो ते बहुधा रिसायकल बिनमध्येही जात नाही, थेट जातं. त्यात ड्राइव्ह एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा, असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाऊनही फारसं हाती लागत नाही, कारण पुसलेल्या फाइलची जागा रिकामी झाल्याचं विंडोज लगेच त्या ड्राइव्हला कळवतं आणि ड्राइव्ह ती जागा आतून साफ करून टाकतो.

यात सगळ्यात जास्त पोळतं ते 'डाउनलोड्स' फोल्डर. वाशीच्या एपीएमसीतल्या गाळ्यावरचा कॉम्प्युटर उघडून बघा: ई-वे बिलं, चलनं, बँकेची स्टेटमेंटं, व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेले पार्टीचे आधार आणि पॅन, सगळं डाउनलोड्समध्येच. मालकाच्या दृष्टीने तेच त्याचं कपाट असतं, आणि क्लीनरच्या दृष्टीने ती उतरवून झालेली रद्दी. विंडोज १० च्या २०१८ मधल्या ऑक्टोबर अपडेटनंतर विंडोजच्या स्वतःच्या 'डिस्क क्लीनअप'च्या यादीतही डाउनलोड्स येऊन बसलं होतं. वर्षानुवर्षं त्या यादीतल्या सगळ्या चौकोनांत टिक करून ओके दाबणाऱ्यांना ते महागात पडलं. पुढे मायक्रोसॉफ्टने ते तिथून काढलं, पण सेटिंग्जमधल्या टेम्पररी फाइल्सच्या यादीत ते अजून दिसतं. तिथे टिक करू नका. पासवर्डचंही तेच. ब्राउझरच्या भागात 'सेव्ह्ड पासवर्ड्स'वर खूण राहिली तर बँकेपासून सोसायटीच्या अ‍ॅपपर्यंत सगळीकडे 'फरगॉट पासवर्ड' करत बसावं लागतं.

मग क्लीनर वापरायचाच नाही का? वापरा, पण विंडोजमध्ये आहे तोच. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादी आली की एकेक ओळ वाचायची. थंबनेल्स, टेम्पररी इंटरनेट फाइल्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन हे डोळे मिटून काढलं तरी चालतं. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर तिथे बऱ्याचदा दहा-वीस जीबी सापडतात, पण ते काढलं की जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही. अपग्रेडनंतर दहा दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढतं, तेव्हा घाई कशाला? इतकं केलं की घरच्या कॉम्प्युटरची साफसफाई झाली, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

'रजिस्ट्री क्लीनर' मात्र मी कोणाच्याही मशीनवर चालवत नाही. रजिस्ट्रीत विंडोजच्या आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या नोंदी असतात. त्यातल्या काहीशे बिनकामाच्या नोंदी काढल्याने वाचणारी जागा नगण्य असते. उलट एखादी कामाची नोंद गेली तर डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर उघडायचं बंद होतं किंवा पुन्हा लायसन्स मागतं. मायक्रोसॉफ्टनेही असल्या रजिस्ट्री सफाईला आपला पाठिंबा नसल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. आणि रनमध्ये जाऊन 'प्रीफेच' फोल्डर रिकामं करायची जी टूम आमच्या धंद्यातल्या मंडळींनी घरोघरी पोचवली आहे, ती उलटीच आहे. प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ते फोल्डर भरत असतं.

आता तो 'स्लो'. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'डिस्क'च्या रकान्यात सतत ९०-१०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर क्लीनर आणि अँटीव्हायरस दोघांनाही सोडून द्या आणि एसएसडी टाका. 'मेमरी' भरलेली असेल तर रॅम कमी पडतेय. 'स्टार्टअप'मध्ये पंधरा प्रोग्रॅम रांगेत उभे असतील तर नको ते तिथेच बंद करता येतात. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तरच क्लीनरचा खरा उपयोग. आणि काहीही न करता ब्राउझरचं होम पेज बदललंय, अनोळखी जाहिराती उड्या मारतायत, अँटीव्हायरस चालूच होत नाही, तेव्हा व्हायरसचा संशय घ्या.

अँटीव्हायरस कोणता, याचं उत्तर लोकांना पटत नाही: घरासाठी विंडोजचा डिफेंडर पुरतो. अविश्वास येतो तो विंडोज ७ च्या काळापासून. तेव्हाचा डिफेंडर फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती काढणारे प्रोग्रॅम, पकडायचा. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटीव्हायरस झाला. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, आणि तेच बरोबर आहे. एका मशीनवर दोघं एकाच फाइलवर एकाच वेळी झडप घालू लागले की मशीन बसलंच म्हणून समजा. चार-पाच मशीन असलेल्या ऑफिसला विकतचा घ्यायचा असेल तर जरूर घ्या. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे भाऊ संजय यांनी पुण्यात उभं केलेलं क्विक हील आपल्याकडे घरोघरी माहीत आहेच. पण बिल स्वतःच्या नावावर आणि लायसन्स की स्वतःच्या ईमेलवर रजिस्टर करून घ्या. तीन पीसींची एक की आणायची आणि तीन गिऱ्हाइकांना वेगवेगळी विकायची, हा उद्योग सर्रास चालतो. मग मशीन फॉरमॅट केलं की अ‍ॅक्टिव्हेशन अडतं आणि विकणारा फोन उचलत नाही. क्रॅक केलेला अँटीव्हायरस तर टाकूच नका. तो मशीनवर सगळ्यात वरचे अधिकार मागतो, आणि ते तुम्ही कोणा अनोळखी माणसाच्या हातात देता. मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच ठेवू नका. काढा, रीस्टार्ट करा आणि 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डिफेंडर जागा झालाय का बघा.

फोनमधल्या 'बूस्टर' आणि 'क्लीनर' अ‍ॅपबद्दल एवढंच: काढून टाका.

या दोघांच्या मधोमध एक तिसरा प्रकार बसलेला आहे आणि पैसे जातात ते त्याच्यापायी. 'फ्री स्कॅन' म्हणतो, मिनिटभर हिरवी पट्टी पळवतो आणि लाल अक्षरांत हजार-बाराशे 'प्रॉब्लेम' दाखवतो. 'डिटेल्स' उघडून बघा. त्यातल्या बहुतेक कुकीज, म्हणजे वेबसाइटांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, असतात, ज्यांना तिथे 'प्रायव्हसी थ्रेट' म्हटलेलं असतं. उरलेल्या रजिस्ट्रीतल्या निरुपद्रवी नोंदी. क्लीनरच्या कचऱ्याला अँटीव्हायरसचं भीतीदायक नाव दिलं की झालं, दुरुस्तीसाठी कार्ड नंबर मागायला मोकळे. नुकतंच विंडोज टाकलेल्या कोऱ्या मशीनवरही हे भरपूर चुका काढून दाखवतात. मोठ्या दुकानांतही हे घडलं आहे. अमेरिकेत ऑफिस डेपोच्या दुकानांत 'पीसी हेल्थ चेक' व्हायचा. सुरुवातीला गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारायचे: मशीन स्लो आहे का, पॉप-अप येतात का, अशा धाटणीचे. तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप असा होता की त्यातल्या एकालाही 'हो' म्हटलं की स्कॅनमध्ये मालवेअरची, म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमची, लक्षणं सापडायची, मशीनमध्ये काही असो वा नसो. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

चांगलं नाव असलेलं सॉफ्टवेअरही सुरक्षितच असतं असं नाही. सीक्लीनर हा जगातला सर्वात प्रसिद्ध क्लीनर. जुलै २०१७ मध्ये तो बनवणारी कंपनी अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीने विकत घेतली. १५ ऑगस्टला त्याची ५.३३ ही आवृत्ती आली, कंपनीच्या अधिकृत डिजिटल सहीसकट, आणि तिच्या आत हल्लेखोरांनी आधीच मालवेअर पेरलेलं होतं. ते उघडकीला येईपर्यंत सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर ते पोचलं होतं. मालक अँटीव्हायरस कंपनी, माल क्लीनरचा, आणि आत मालवेअर! म्हणून मी म्हणतो की ज्याची गरज नाही ते टाकूच नये. चांगलं आहे का वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि काही वेळा दोघंही पुरत नाहीत. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा मालवेअर पसरला तेव्हा आपल्या न्हावा शेवाच्या बंदरातलं, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडचं टर्मिनल ठप्प झालं. हल्ला शिरला होता युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तो ज्या वाटांनी पुढे पसरला त्यातली विंडोजमधली एक फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. अशा वेळी उपयोगी पडतो तो बॅकअप, तोही कॉम्प्युटरपासून काढून वेगळा ठेवलेला. पोर्टेबल ड्राइव्ह बारा महिने यूएसबीला खोचून ठेवली तर मशीनबरोबर तीही जाते. विंडोज १० चं नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं आहे, तेव्हा अजून त्यावर टॅली चालवणाऱ्यांनी नुसत्या अँटीव्हायरसच्या भरवशावर राहू नये.

शेवटचं, पडदाभर येणाऱ्या 'युवर कॉम्प्युटर इज इन्फेक्टेड'बद्दल. भोंगा वाजतो, खाली फोन नंबर असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. फोन करू नका, एस्केप दाबून धरा, नाही जमलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन केलाच असेल आणि समोरच्याने एनीडेस्कसारखं काही टाकून घेऊन मशीनचा ताबा घेतला असेल, तर आधी नेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड ब्लॉक करा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि पासवर्डही दुसऱ्याच मशीनवरून बदला. पडद्यावर जे दिसतंय त्याचे मोबाईलने फोटो काढून ठेवा. मग अँटीव्हायरसचा फुल स्कॅन, डिफेंडर असेल तर 'ऑफलाइन स्कॅन'. पण त्या दिवशी घाबरून क्लीनर अजिबात चालवू नका. ब्राउझरची हिस्टरी, उतरवलेली फाइल, टेम्पमधले तुकडे हे सगळं सायबर पोलिसांना लागणार आहे, आणि क्लीनर नेमकं तेच पुसतो.