भागलं की ओहम, गुणलं की वॉट: रेझिस्टन्स आणि पॉवरमधली गल्लत

मागच्या आठवड्यात भाचा पाणी तापवायचा रॉड आणि एक जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब घेऊन बसला होता, हातात मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजायचं यंत्र). रॉडच्या प्लगच्या दोन लहान पिनांना मीटर लावला तर ३५ ओहम, बल्बला लावला तर ३८. मग विचारतो, मामा दोघांचा रेझिस्टन्स जवळजवळ सारखाच आहे तर एक १५०० वॉटचा आणि दुसरा १०० चा कसा काय? प्रश्न एकदम बरोबर होता आणि मला तो फार आवडला, कारण इथेच भल्याभल्यांची गाडी अडते.

आधी हिशोब बघू. गोंधळ होतो कारण दोन्ही गोष्टी त्याच दोन आकड्यांतून निघतात. व्होल्टला अँपिअरने (म्हणजे करंटने) भागलं की ओहम, म्हणजे रेझिस्टन्स, गुणलं की वॉट, म्हणजे पॉवर. रॉड २३० व्होल्टवर साधारण ६.५ अँपिअर घेतो, तर २३० भागिले ६.५ म्हणजे ३५ ओहम आणि २३० गुणिले ६.५ म्हणजे १४९५, धरा १५०० वॉट. भागाकारातून कळतं की ती वस्तू करंटला किती अडवते, आणि गुणाकारातून कळतं की दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होतेय. रॉड माळ्यावर पडलेला असला तरी त्याचे ३५ ओहम त्याच्याजवळ असतातच, वॉट मात्र बोर्डाला लावून बटण दाबल्याशिवाय शून्य.

आता बल्ब. मीटरने जे ३८ ओहम दाखवले ते थंड तारेचे. बल्बमधली टंगस्टनची तार पेटल्यावर दोन हजार डिग्रीच्या वर जाते आणि तिचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो. चालू बल्बचा हिशोब करा, १०० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ०.४३ अँपिअर, त्यावरून रेझिस्टन्स येतो ५३० ओहमच्या आसपास. म्हणजे ३८ पण खरा आणि ५३० पण खरा, फक्त एक थंड असतानाचा आणि एक पेटल्यावरचा. बटण दाबल्या क्षणी बल्ब थंड असतो म्हणून तेवढ्या क्षणापुरता तो रॉडइतका, सहाएक अँपिअर करंट खेचतो, म्हणूनच जुने बल्ब बहुतेक वेळा लावताना फट्कन उडायचे. रॉडमधली नायक्रोमची तार असं करत नाही, तापल्यावर तिचा रेझिस्टन्स अगदी थोडा वाढतो, त्यामुळे तिथे मल्टिमीटरचा आकडा हिशोबाला चालतो. (आणि हो, ओहम मोजताना वस्तू बोर्डातून काढलेलीच हवी, चालू लाइनवर ओहमच्या सेटिंगला प्रोब लावायचे नाहीत म्हणजे नाहीत.)

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं तेव्हा काय होतं ते बघा. रॉडचा रेझिस्टन्स तोच ३५, करंट उतरून ५.१ अँपिअर, आणि वॉट राहिले ९२५. व्होल्टेज पाव भागसुद्धा कमी झालं नाही पण वॉट एक तृतीयांशाहून जास्त गेले, कारण व्होल्टेजबरोबर करंटही उतरतो आणि गुणाकारात दोन्हीकडून मार बसतो. १५ लिटरची बादली २० डिग्रीवरून ४५ वर न्यायला जिथे साडेसतरा मिनिटं लागायची तिथे अठ्ठावीस लागतात. रॉड खराब झालेला नसतो.

हे सगळं फक्त तापणाऱ्या वस्तूंना लागू, पंखा, मिक्सर, एलईडी यांना असा सरळ भागाकार-गुणाकार लावू नका, तिथे उत्तर चुकतं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज, रेझिस्टन्स जास्त म्हणजे वस्तू जास्त तापणार. घरातल्या बोर्डावर प्रत्येक वस्तूला तेच २३० व्होल्ट मिळतात, तिथे उलट आहे, ज्याचा रेझिस्टन्स कमी तो जास्त करंट खेचतो आणि जास्त तापतो. पण वस्तू एकामागे एक, सिरीजमध्ये जोडल्या तर सगळ्यांतून करंट एकच जातो, आणि मग ज्याचा रेझिस्टन्स जास्त तोच जास्त वॉट खातो. सिरीज बोर्डावर ६० आणि १०० चा बल्ब एकामागे एक जोडून बघा, ६० चा जास्त उजेड देईल.

भाच्याच्या रॉडचा प्लग मी हातात घेतला तर एका पिनेजवळचं प्लास्टिक तपकिरी पडून फुगलेलं, वास पण जळका. ते सॉकेट ढिलं होतं. ढिल्या जागेचा रेझिस्टन्स समजा फक्त अर्धा ओहम, पण ती जागा रॉडच्या सिरीजमध्ये आहे आणि करंट किती ते रॉड ठरवतो, ६.५ अँपिअर. त्या जागेवरचे व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, म्हणून तिथले वॉट म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. ६.५ चा वर्ग ४२, त्याचे निम्मे २१ वॉट. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत, रोज पंधरा-वीस मिनिटं. रॉड पाण्यात असतो म्हणून त्याचे १५०० वॉट पाणी घेऊन जातं, या २१ वॉटना जायला जागाच नाही. ६.५ अँपिअरचा रॉड ६ अँपिअरच्या सॉकेटला लावलेला होता, आता १६ अँपिअरचं नवीन सॉकेट आणि नवीन प्लग बसवलाय.