लात्व्हिया आणि लिथुएनिया: नावे जवळची, इतिहास निराळे

लात्व्हिया आणि लिथुएनिया यांच्या नावांची गल्लत होते, त्याला कारणही तसेच आहे. बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर हे दोन्ही देश एकमेकांना लागून आहेत, दोघांचेही क्षेत्रफळ ६५ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, दोघेही १९१८ साली स्वतंत्र झाले आणि १९४० साली सोव्हिएत संघाने दोघांनाही गिळंकृत केले. मात्र त्याआधीची सातशे वर्षे पाहिली, तर एक देश जिंकला गेला आणि दुसरा जिंकत गेला, असेच म्हणावे लागते.

लात्व्हियाला सुमारे ५०० किलोमीटरचा किनारा आहे. १२०१ साली बिशप आल्बर्ट याने दौगाव्हा नदीच्या मुखाजवळ रिगा वसवले आणि त्याच वाटेने जर्मन व्यापारी व धर्मयोद्धे आत शिरले. पुढे पोलंड, स्वीडन, रशिया असे राज्यकर्ते बदलत गेले, तरी जमिनी विसाव्या शतकापर्यंत बहुतांशी जर्मन जमीनदारांच्याच हाती राहिल्या. पूर्वेकडचा लाटगाले प्रांत सोडला, तर तेथे लुथरन पंथ रुजला.

लिथुएनियाचा किनारा जेमतेम ९० किलोमीटरचा, आणि व्हिल्नियस ही राजधानी समुद्रापासून दूर, आतल्या भागात. १२५३ साली मिंडाउगास याला राज्याभिषेक झाला, आणि पंधराव्या शतकात व्हिटाउटासच्या काळात हे राज्य काळ्या समुद्रापर्यंत पोहोचले. युरोपात सर्वांत शेवटी, १३८७ साली, या राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तोही पोलंडशी जुळलेल्या नात्यातून. म्हणूनच लिथुएनिया आजही कॅथलिक आहे.

भाषा मात्र सख्ख्या बहिणी आहेत, आणि मराठी वाचकाने येथे जरा थांबावे. धुराला लिथुएनियन भाषेत ‘दूमाय’ आणि लात्व्हियन भाषेत ‘दूमी’ म्हणतात. दोन्हींत आपला ‘धूम’ स्पष्ट ऐकू येतो. मुलगा मात्र लिथुएनियनमध्ये ‘सूनुस’, म्हणजे संस्कृतातला ‘सूनु’च, तर लात्व्हियनमध्ये ‘देल्स’. लिथुएनियनने जुनी रूपे अधिक जपली आहेत.

सोव्हिएत काळात लात्व्हियातील कारखान्यांत काम करण्यासाठी रशियन भाषक मोठ्या संख्येने येऊन स्थायिक झाले. १९८९ च्या जनगणनेत लात्व्हियन लोक स्वतःच्याच देशात जेमतेम ५२ टक्के उरले होते, तर लिथुएनियन लोक जवळपास ८० टक्के होते. लिथुएनियाने ११ मार्च १९९० रोजी थेट स्वातंत्र्य जाहीर केले. लात्व्हियाने ४ मे रोजी तीच घोषणा केली, पण तिला संक्रमणकाळाची जोड देऊन.