फ्लेमिंग गॉर्जखालची ग्रीन नदी: हिवाळी ट्राउट मासेमारीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात जानेवारीच्या पहाटे पारा शून्याच्या बराच खाली असतो. काठावर बर्फ साचलेला असतो, पण फ्लेमिंग गॉर्ज धरणाखालची ग्रीन नदी मोकळी वाहत असते. पाणी इतके नितळ की आठ-दहा फुटांवरचा गोटाही स्पष्ट दिसतो. धरणापासून लिटल होलपर्यंतच्या ७ मैलांत भर थंडीत ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी फ्लाय रॉड, म्हणजे कृत्रिम माशी फेकायचे लवचिक गळ, चालतात ते याच मोकळ्या पाण्यामुळे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, त्यामुळे जलाशयाच्या खोल भागात हिवाळाभर त्याच तापमानाचे पाणी असते आणि टर्बाइनमधून तेच बाहेर पडते.

अशा पाण्याला तिकडे ‘टेलवॉटर’ म्हणतात. आपल्याकडे या शब्दाने घोटाळा होतो. कालव्याचा ‘टेल’ म्हणजे पाणी जेमतेम पोचते ते शेवटचे टोक, आणि टेलचा शेतकरी म्हणजे पाण्याची वाट बघणारा. टेलवॉटर नेमके उलटे, धरणाच्या पायथ्याशी सुटणारे पहिले पाणी. गाळ जलाशयात बसलेला असतो म्हणून ते स्वच्छ, आणि खोलातून आलेले म्हणून थंड.

या दरीला १८६९ मध्ये होड्यांतून उतरलेल्या एका मोहिमेने लाल खडकांवरून नाव दिले. तेव्हाची नदी गढूळ होती. वसंतात तिला पूर यायचा, उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या वर तापायचे आणि हिवाळ्यात ती गोठायची. ट्राउट वरच्या अंगाच्या थंड उपनद्यांत होते. मुख्य पात्र पाइकमिनो, रेझरबॅक सकर, हंपबॅक चब आणि बोनीटेल या स्थानिक माशांचे होते.

धरण बांधत आणताना घेतलेल्या एका निर्णयाचा वाद आजही मिटलेला नाही. पाणी अडवायला सुरुवात होण्याच्या थोडे आधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्या मिळून सुमारे ४४५ मैल पाण्यात रोटेनोन सोडले गेले. रोटेनोन हे काही शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांतले विष आहे. ते कल्ल्यांतून शरीरात जाते आणि मग पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. नव्या जलाशयात सोडायच्या रेनबो ट्राउटला स्पर्धक नकोत, हा हेतू होता. कागदोपत्री या मोहिमेचे लक्ष्य होते ‘रफ फिश’, म्हणजे गळाच्या शौकिनांना नको असलेले मासे. या एका शब्दात बाहेरून आणलेला कार्पही आला आणि लाखो वर्षे याच नदीखोऱ्यात घडलेला पाइकमिनोही. हे वर्गीकरण जीवशास्त्राचे नव्हते, केवळ आवडीनिवडीचे होते. विष टाकण्याआधीच काही मत्स्यतज्ज्ञांनी लेखी हरकत घेतली होती, हे मुद्दाम सांगायला हवे. ‘तेव्हा कोणाला कल्पनाच नव्हती’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

नदीच्या आणखी खालच्या अंगाला डायनोसॉर राष्ट्रीय स्मारक या संरक्षित क्षेत्राची हद्द लागते. तिथे विष पोचू नये म्हणून त्याच्या वरच्या ब्राउन्स पार्क खोऱ्यातल्या पुलावर पोटॅशियम परमँगनेट सोडून ते निष्प्रभ करायचे ठरले होते. पण परमँगनेट पुरले नाही, विष पुलाखालून पुढे गेले आणि संरक्षित हद्दीतही मासे मेले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, अशा मोहिमांत दुर्मिळ प्रजातींचा आधी विचार व्हावा, असा केंद्रातून आदेश निघाला.

नदीतले स्थानिक मासे या विषानेच संपले, असे सरसकट म्हटले जाते. ते बरोबर नाही. स्मारकाच्या भागात बरेचसे मासे नंतर परतले. त्यांना कायमचे हटवले ते थंड पाण्याने आणि बंद झालेल्या वसंतातल्या पुराने. अंडी घालायला लागणारी ऊबच उरली नाही. धरणाखाली सुमारे ६५ मैलांवर याम्पा नदी मिळते. तिच्यावर मोठे धरण नाही आणि पाइकमिनो आजही तिच्यात अंडी घालतात. तरीही विषाचा निर्णय किरकोळ ठरत नाही. धरणाचे परिणाम वर्षानुवर्षे हळूहळू झाले, विष मात्र समजून-उमजून टाकले गेले.

गंमत नव्हे, पण थंडीचा फटका ट्राउटलाही बसला. पाणी आत घेण्याचे तोंड खोल होते. जलाशय भरत गेला तसे उन्हाळ्यातही जेमतेम ६ अंशांचे पाणी येऊ लागले. ट्राउट जगत, पण वाढत नसत. म्हणून १९७८ मध्ये तोंडांवर वरखाली होणाऱ्या झडपा बसवल्या गेल्या. त्यांनी वरच्या थरातले पाणी घेता येते. पाण्याबरोबर हवा ओढली जाऊ नये म्हणून झडप पातळीच्या बरीच खाली ठेवावी लागते. उन्हाळ्यात सुटणारे पाणी १३ अंशांपर्यंत गेले आणि मासे झपाट्याने वाढले. हिवाळ्यात या झडपांचा उपयोग जवळपास शून्य, कारण तेव्हा वरचे पाणीही गारच असते. जानेवारीत गळाला येणारा जाड ट्राउट जुलै-ऑगस्टमध्ये पोसलेला असतो. मासे वाढल्यावर गर्दी वाढली. १९८० च्या दशकात नियम कडक झाले आणि आज इथे जिवंत आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम माश्या आणि ल्यूर, म्हणजे नकली आमिषे, चालतात.

स्थिर, गार पाण्याने ट्राउटचे खाद्य असलेल्या बारीक जीवांची वस्तीही बदलली. अनेक जाती गेल्या आणि चिलटांएवढ्या मिज, बेटिस हे बारीक कीटक आणि स्कड हे कोळंबीसारखे छोटे कवचधारी जीव टिकले. हिवाळी जोडणी त्यावरच बेतलेली असते. लीडर, म्हणजे मुख्य दोराच्या पुढचा बारीक पारदर्शक धागा, ९ ते १२ फुटांचा आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे सर्वांत बारीक तुकडा, ६एक्स जाडीच्या फ्लुरोकार्बनचा. वर १६ किंवा १८ नंबरची स्कडसारखी नकली माशी, तिच्याखाली साधारण १६ इंचांवर चंदेरी तारेचा काळा नकली मिज-कोष, २२ नंबरचा (नंबर जितका मोठा तितका गळ लहान). शिशाचा मणी वरच्या माशीच्या ६ ते ८ इंच वर, आणि इंडिकेटर, म्हणजे मासा लागल्याचे दाखवणारा तरंगता गोळा, पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. मासे संथ, खोल पट्ट्यात तळाशी असतात आणि खाण्यासाठी फार हलत नाहीत. माशी इंचभर वरून गेली तरी तोंड उघडत नाहीत. दर काही फेकींनी तळ खरवडला जात नसेल तर आधी वजन वाढवावे, माशी नंतर बदलावी. साडेदहा ते तीन ही वेळ पुरते.

रॉडच्या कड्यांत बर्फ धरले की दोर अडकतो, आणि पळणारा मासा बारीक टिपेट तोडून जातो. बर्फ बोटांनी फोडू नये, टोक मोडते. रॉड पाण्यात बुडवावा, ४ अंशांच्या पाण्यात बर्फ विरघळते. मासा पाण्याबाहेर काढू नये. शून्याखालच्या हवेत कल्ले काही क्षणांत गोठू लागतात.

विसर्ग साधारण ८०० क्युसेकपर्यंत उतरतो, तर तिन्ही टर्बाइन पूर्ण चालली की सुमारे ४,६०० क्युसेकपर्यंत जातो. विजेची मागणी सकाळ-संध्याकाळ वाढली की पाणीही वाढते. चढत्या पाण्यात शेवाळ सुटून वाहते आणि प्रत्येक फेकीला गळ भरून येतो. शिवाय ज्या खडकावरून सकाळी नदी ओलांडली, तो परतताना पाण्याखाली असतो. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे विसर्गाचे वेळापत्रक पाहावेच लागते.

२००६ पासून हे वेळापत्रक खालच्या स्थानिक माशांच्या गरजा धरूनही ठरते, वसंतात मुद्दाम जास्त पाणी सोडले जाते. २०२१ च्या जूनमध्ये बाहेरून आलेल्या स्मॉलमाउथ बासची घरटी उधळण्यासाठी अचानक मोठा विसर्ग देऊन पाहिला. २०२२ च्या मेपासून वर्षभरात लेक पॉवेल हा खालच्या कोलोरॅडो नदीवरचा आटत चाललेला जलाशय सावरण्यासाठी ५ लाख एकर-फूट जादा पाणी सोडायचे ठरले. जलाशय उतरला की झडपा किती वर ठेवता येतील याला मर्यादा पडते, आणि पुढच्या उन्हाळ्यात ट्राउट किती वाढतील हे त्यावर अवलंबून राहते.