बाटलीवर ‘विष’, बोलण्यात ‘औषध’

कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘विष द्या’ असं कुणी म्हणत नाही. ‘बोंडअळीवर औषध द्या’ असंच म्हणतात. औषध आणायचं, कालवायचं, मारायचं. औषध थोडं जास्त पडलं तर फार तर गुण लवकर येईल, अशी आपली समजूत. कीटकनाशकाच्या लेबलवरचा इशारा वाचला जाण्याआधी त्याची गाठ पडते ती या समजुतीशी.

1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्श्याएवढा. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग आणि वरच्यात शब्द. लाल असेल तर कवटी, हाडं आणि ‘विष’. पिवळा असेल तर नुसतं ‘विष’. निळ्याला ‘धोका’, हिरव्याला ‘सावधान’.

ही उतरंड ठरते एलडी-50 वरून, म्हणजे प्रयोगातले निम्मे प्राणी मरतील एवढ्या मात्रेवरून. पोटात गेल्यास ही मात्रा वजनाच्या दर किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा, त्यापुढे हिरवा. 60 किलोच्या माणसाच्या वजनावर नुसता गुणाकार केला तर लाल गटाची वरची हद्द 3 ग्रॅम येते, पिवळ्याची 30. दोन्हींवर शब्द मात्र एकच, ‘विष’.

खरी गडबड सगळ्यात खालच्या पायरीवर होते. ‘सावधान’ आपण ऐकतो ते मंगलाष्टकांत, नाहीतर शाळेच्या कवायतीत. त्या शब्दाने दचकायची सवयच नाही. त्यात रंग हिरवा, म्हणजे सिग्नलवर ‘जा’. दोन्ही मिळून वाचणारा अर्थ लावतो, ‘याने काही होत नाही’. लेबलला म्हणायचं असतं एवढंच की, एका दमात मारायला याची मात्रा जास्त लागते. वर्षानुवर्षं थोडंथोडं अंगात गेलं तर काय होईल, हे तो त्रिकोण सांगतच नाही. द्राक्षबागांत सर्रास वापरलं जाणारं मॅन्कोझेब हे बुरशीनाशक हिरव्या त्रिकोणातलं. युरोपीय संघाने डिसेंबर 2020 मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला, कारणांत प्रजननावरचा आणि संप्रेरकांवरचा परिणाम होता.

उलट बाजूही आहे. पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्या गटात, म्हणजे लालपेक्षा सौम्य वाटावं असं. पण त्यावर नेमका उतारा नाही. ही गोष्ट लेबलवर असते ती उपचाराच्या बारीक ओळीत. रंग त्याबद्दल गप्प.

इशाऱ्यांच्या भाषेवरचा अभ्यास सांगतो की धोका कोणता, परिणाम काय आणि करायचं काय, हे तिन्ही सांगणारं वाक्य लोक जास्त गांभीर्याने घेतात. ‘त्वचेशी संपर्क टाळा’ यात परिणामही नाही आणि कृतीही धूसर. ‘शर्ट भिजला तर लगेच काढा, अंग साबणाने धुवा, हे कातडीतून रक्तात जातं’ हे वाचणाऱ्याला काम देतं.

फवारणीच्या मात्रेचंही तेच. लेबल बोलतं हेक्टरात, शेतकरी एकरात आणि पंपात. हेक्टरी 500 लिटर पाण्यात 500 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 15 मिली. हा हिशेब छापलेला नसला की ‘पंपाला दोन झाकणं’ हेच माप उरतं, आणि झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक जण दगावले, त्यांत मजूरही होते. मजुराच्या पाठीवर बहुतेकदा कालवून भरलेला पंप येतो. बाटली बांधावर, नाहीतर मालकाच्या घरी. चक्कर, घाम, तोंडाला लाळ अशी लक्षणं दिसली तर माणसाबरोबर ती बाटलीही दवाखान्यात न्यावी. ऑर्गनोफॉस्फेट गटाचं विष असेल तर ॲट्रोपिन हा उतारा देतात, पॅराक्वाटवर त्याचा उपयोग नाही. डॉक्टरांना हवं असतं ते रसायनाचं नाव, आणि ते रंगीत त्रिकोणात नसतं.