न्युफिप-१ची अँटीबॉडी: पट्टी नेमकं काय सांगते?

वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करून मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर घेतात आणि अँटीबॉडी हवं ते प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवते. न्युफिप-१ हे प्रथिन उजेडात आलं १९९९मध्ये, तेही वेगळ्याच शोधातून. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराशी निगडित प्रथिनाला कोण चिकटतं, हे पाहताना ते केंद्रकात सापडलं. त्याच वर्षी यीस्टमधलं त्याचं भावंड, आरएसए-१, रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, ६०एस या मोठ्या भागाच्या जुळणीत लागतं हेही दिसलं. म्हणजे या घराण्याची जुनी ओळख रायबोसोम घडवणारं अशी.

रायबोसोम मोडण्याचा धागा निराळा. उपाशी यीस्ट रायबोसोम निवडून पचवतं आणि त्यासाठी यूबीपी-३ व बीआरई-५ ही प्रथिनं लागतात, हे क्राफ्ट, पीटर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये दाखवलं. तिथूनच ‘रायबोफॅजी’ हे नाव आलं. २०१८मध्ये संशोधक डेव्हिड साबातिनींच्या गटाने दोन्ही धागे जोडले: एमटॉरसी-१ (पोषण मिळताना पेशीची वाढ चालवणारं प्रथिनसंकुल) थांबलं की न्युफिप-१ केंद्रकातून निघून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीकडे, जातं, एका बाजूने रायबोसोम आणि दुसऱ्या बाजूने एलसी-३बी (ऑटोफॅजीच्या पिशव्यांवरचं प्रथिन) धरतं. न्युफिप-१मधलं ४०व्या जागेवरचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बदललं की एलसी-३बीची पकड सुटते. संशोधक वेड हार्पर यांच्या गटाने २०२०मध्ये मोजमाप केलं, तेव्हा मात्र उपासमारीत रायबोसोमची घट मुख्यतः ऑटोफॅजीने (पेशीने स्वतःचेच भाग पचवण्याने) होत नाही असं निघालं. हा वाद लक्षात ठेवूनच अँटीबॉडी वापरावी.

कारण अख्ख्या पेशीच्या अर्कात ५६ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास पट्टी आली, तर प्रथिन आहे एवढंच कळतं. प्रथिनाची जागा बदलली का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून एमटॉर थांबवणारं टोरिन-१ (२५० नॅनोमोलर, एक तास) दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींचे केंद्रक व पेशीद्रव्य वेगळे करून शेजारी चालवावेत. लॅमिन हे केंद्रकाच्या अस्तरातलं प्रथिन पेशीद्रव्यात दिसलं तर केंद्रकं फुटली आहेत, तो नमुना टाकून द्यावा. न्युफिप-१ काढलेल्या पेशींची लेन (जेलवरची रांग) तर हवीच. तिथेही पट्टी राहिली तर ती भलत्याच प्रथिनाची. एलसी-३ १५ टक्के जेलवर वेगळं चालवावं आणि ०.२ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनवर घ्यावं, मोठ्या छिद्रांतून ते निसटतं.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून अँटीबॉडीचं पार्सल आल्या आल्या उघडावं, बर्फाचे पॅक गार आहेत का पाहावं, कुपी क्षणभर सेंट्रिफ्यूज करून १० मायक्रोलिटरचे वाटे उणे २० अंशांवर ठेवावेत. वीज गेली की फ्रीझर उघडू नये. पुन्हा पुन्हा वितळून गोठलेली अँटीबॉडी गुठळ्या धरते आणि मेम्ब्रेनवर ठिपके उमटतात. १०० व्होल्टवर तासभर ट्रान्सफर (जेलवरून मेम्ब्रेनवर प्रथिनं नेणं) करताना टाकीतला बर्फ अर्ध्या वेळेत बदलावा.