राष्ट्रीय नेत्याचे मूल्यमापन (कोल्हापूर)

देशभर लोकप्रिय असलेल्या नेत्याची बलस्थाने, मर्यादा आणि त्याच्यापुढची आव्हाने स्वतःच्या अनुभवावर तपासून घेण्याची कोल्हापूर जिल्ह्यातील रीत. ती निवडणुकीपुरती नसते. पेठांतल्या तालमी, गावोगावच्या दूध संस्था, साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा आणि बिंदू चौक इथे ती वर्षभर चालू असते. नेत्याबद्दलचा आदर आणि त्याच्या उमेदवाराला द्यायचे मत यांचा हिशोब इथला मतदार वेगवेगळा ठेवतो, हे या रीतीचे मुख्य लक्षण. ते ध्यानात न घेतल्यामुळे कोल्हापूरचे निकाल बाहेरच्या अभ्यासकांना लहरी वाटतात. ते लहरी नाहीत.

या रीतीचा सर्वांत उजळ दाखला निवडणुकांच्याही आधीचा आहे. मार्च १९२० मध्ये हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. तिथे राजर्षी शाहू महाराजांनी अवघ्या २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर हेच समाजाचे खरे पुढारी असून पुढे ते साऱ्या देशाचे पुढारी होतील, असा विश्वास जाहीरपणे व्यक्त केला. आंबेडकरांच्या हाती तेव्हा सत्ता नव्हती, मोठी संघटनाही नव्हती. महाराजांनी जोखली ती त्यांची विद्वत्ता आणि आपल्या माणसांशी असलेली बांधिलकी. नेता मोठा झाल्यावर त्याच्या मागे जाणारे पुष्कळ असतात. तो मोठा होण्याआधी त्याला ओळखणे ही खरी पारख. पुढे १९५० मध्ये, आंबेडकर हयात असतानाच, बिंदू चौकात त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा अर्धपुतळा उभारला गेला.

स्वातंत्र्यानंतर ही पारख मतपेटीतून दिसू लागली. १९५७ मध्ये पंडित नेहरूंची लोकप्रियता शिखरावर होती, तरी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर कोल्हापूरने शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर यांना लोकसभेत पाठवले. शरद पवारांचे आजोळ पन्हाळा तालुक्यातील गोलिवडे. या नात्याचा जिल्ह्याला मनापासून अभिमान आहे. तरीही २००९ मध्ये पवारांनी उमेदवारी नाकारलेले सदाशिवराव मंडलिक अपक्ष म्हणून निवडून आले आणि शेजारच्या हातकणंगल्यात राजू शेट्टींनी राष्ट्रवादीचा पराभव केला. अमित शहा हे कोल्हापूरचे जावई. पण २०१९ च्या विधानसभेत जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा भाजपला मिळाली नाही. आजोळ काय आणि सासुरवाड काय, मानपान झाला की मतदार पुन्हा आपल्या प्रश्नाकडे वळतो.

नरेंद्र मोदी यांच्या बाबतीत हा हिशोब सर्वांत बारकाईने मांडला गेला. २०१४ च्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४२ जागा युतीकडे गेल्या. विरोधकांच्या हाती राहिलेल्या सहांत कोल्हापूर होते. २०१९ मध्ये शिवसेनेचे संजय मंडलिक मोठ्या फरकाने जिंकले. हा निकाल मोदींच्या खात्यावर मांडला जातो. तो अर्धाच खरा आहे. काँग्रेसच्या सतेज पाटील गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत आघाडीच्याच, म्हणजे राष्ट्रवादीच्या, उमेदवाराविरुद्ध जोडण्या लावल्या होत्या, आणि ती घोषणा आजही जिल्ह्याला पाठ आहे. २०२४ मध्ये मोदींची तपोवन मैदानावर मोठी सभा झाली. समोर काँग्रेसतर्फे कोल्हापूरच्या गादीचे, म्हणजे छत्रपती घराण्याचे, शाहू छत्रपती उभे होते, म्हणून महायुतीने ‘मान गादीला, मत मोदींना’ अशी हाक दिली. तिला ‘मान पण गादीला, मत पण गादीला’ असे उत्तर मिळाले. शाहू छत्रपतीच दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. त्याच दिवशी मतदान झालेल्या हातकणंगल्याची जागा मात्र महायुतीने सुमारे १३ हजारांच्या फरकाने राखली, आणि सहा महिन्यांत झालेल्या विधानसभेत महाविकास आघाडीला जिल्ह्यात एकही जागा उरली नाही. त्या निकालामागे दरमहा १,५०० रुपयांच्या लाडकी बहीण योजनेचा वाटा मोठा होता.

या अनुभवावरून मोदींसारख्या नेत्याचे बलस्थान स्पष्ट दिसते. गट, कारखाना, भावकी यांना ओलांडून तो थेट घरातल्या माणसाशी बोलतो, आणि बँक खात्यात जमा होणारी रक्कम त्या बोलण्याला वजन देते. मर्यादाही तिथेच आहे. सभेची गर्दी सांभाळायला गावात संस्था लागते, आणि संस्था स्थानिक गटांच्या ताब्यात असतात. गोकुळ दूध संघ, जिल्हा मध्यवर्ती बँक, भोगावती आणि बिदरी हे साखर कारखाने इथल्या निवडणुकांत पक्षाचे चिन्ह नसते. तिथे राष्ट्रीय नेत्याचा फोटो फारसा उपयोगी पडत नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र सहकार मंत्रालय काढले, त्यामागचे राजकीय गणित या जिल्ह्यात सांगावे लागत नाही.

आव्हानांत ऊस पहिला. केंद्राने साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला आणि पुढे अनेक हंगाम तो तिथेच ठेवला. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, मात्र २०१८-१९ मधील क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२५-२६ साठी ३५५ पर्यंत नेली. शेतकऱ्याला दर मिळावा हे न्याय्यच आहे. पण कारखान्याने तो कशातून द्यायचा, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेत दिल्लीच्या नावाने विचारला जातो. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गासाठी जाणाऱ्या जमिनी आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची या प्रश्नांवरही उत्तर वरूनच मागितले जाते.

दुसरे आव्हान कोणत्याही एका पक्षाचे नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) किंवा पुण्यातल्या कंपनीत नोकरी करणारी पिढी गटाच्या शब्दावर मत देत नाही. तिच्यापर्यंत नेता मोबाइलवरून थेट पोचतो, त्यामुळे त्याची पकड वाढते. पण पंचगंगेचे पाणी काळे पडले किंवा पुरात शिरोळ बुडाले, की ही पिढीही जबाबदार माणूस शोधते, आणि मधला गटनेता बाजूला झालेला असल्यामुळे तो जाब आता सरळ वरच्या नेत्याकडे जातो.